एकगती पोलादी सायकल

सायकल ही वस्तु इतकी परिचयाची आहे कीं तिची घडण कोणी मुद्दाम न्याहाळून पाहत नाहीं. श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं जिन्याखालीं, सज्ज्यांत किंवा गच्चीवरच्या खोलींत वडिलांच्या अगर आजोबांच्या वेळची एखादी पोलादी सायकल धूळ खात पडलेली असेल. भंगारवाला दारावर आला म्हणजे तिचें वजन किती भरेल, एवढाच प्रश्न घरांत निघतो. परंतु अलीकडे जगांतील अनेक शहरांत हौशी मंडळी असेच जुने सांगाडे शोधून काढतात, त्यांवरील गिअर, तारा आणि खटके उतरवितात व एकाच गिअरची साधी, सुटसुटीत सायकल आपल्या हातानें जुळवितात. पुष्कळांस ही केवळ एक टूम वाटते. टूम तींत आहेच. पण त्या टुमेच्या बुडाशीं यंत्रशास्त्राचे कांहीं पक्के नियम आहेत, आणि ते न जाणतां केलेली हौस कधीं कधीं जिवावर बेतते.

ह्या नियमांचें सार एका वाक्यांत सांगतां येईल. सायकलीवरून एखादा भाग काढून टाकला, म्हणजे त्या भागाचें काम नाहींसें होत नाहीं. तें दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जाऊन पडतें. तें कोणाच्या अंगावर पडतें, हें आधीं ओळखणें हीच एकगती सायकल जुळविण्याची विद्या होय.

ह्या सायकलीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद आरंभींच स्पष्ट झाला पाहिजे. पहिला प्रकार नित्य परिचयाचा. त्यांत मागच्या चाकावर फ्रीव्हील असतें आणि त्याच्या पोटांत बारीक खटके व स्प्रिंगा असतात. पायडल पुढें मारलें कीं खटके दांत्यांत अडकतात व चाक ओढलें जातें. पाय थांबविले कीं तेच खटके दांत्यांवरून टकटकत घसरतात आणि चाक आपल्या वेगानें फिरत राहतें. उतारावर पाय स्थिर ठेवून वारा खात जाण्याचें सुख ह्या टकटकीनेंच मिळवून दिलेलें आहे. दुसऱ्या प्रकारांत फ्रीव्हील मुळींच नसतें. मागचें दांतचक्र चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे हबवर, घट्ट बसविलेलें असतें. चाक फिरतें तोंवर पायडलें फिरतात, आणि पायडलें फिरतात तोंवर पायही फिरले पाहिजेत. उतारावर विसांवा नाहीं, वळणावर विसांवा नाहीं. उलट, पायांनीं मागें जोर दिला तर चाकाचा वेग कमी होतो. ह्या प्रकारास 'फिक्स्ड गिअर' असें नांव आहे. सोयीसाठीं येथें त्यास बद्धचक्र आणि पहिल्यास मुक्तचक्र म्हटलें तर चालेल.

बद्धचक्र ही नवी कल्पना नव्हे. सायकलीचें मूळ रूपच तें आहे. १८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली यानें 'रोव्हर' नांवाची सायकल काढली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं होतीं व मागचें चाक साखळीनें फिरत असे. आजच्या सायकलीची परंपरा तेथून सुरू होते. फ्रीव्हीलचा प्रसार त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. १९०३ सालीं फ्रान्सची सुप्रसिद्ध प्रदक्षिणा, 'टूर द फ्रान्स', प्रथम भरली, तेव्हां मॉरिस गारँ यानें ती जिंकली ती एकाच गिअरच्या सायकलीवर. ह्या शर्यतींत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या यंत्रास सरसकट परवानगी मिळाली ती १९३७ सालीं. तोंवर स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस निरनिराळ्या दांत्यांचीं चक्रें बसवीत आणि घाटाच्या पायथ्याशीं खालीं उतरून चाक उलटें फिरवून बसवीत.

पुढें रस्त्यावरील शर्यतींतून बद्धचक्र हळूहळू मागें पडलें. परंतु शर्यतींच्या गोल, उतरत्या कडांच्या धावपट्टीवर तें आजही नांदतें. २५ ऑक्टोबर १९७२ रोजीं मेक्सिको शहरांतील धावपट्टीवर बेल्जियमच्या एडी मर्क्स यानें एका तासांत ४९.४३१ किलोमीटर अंतर काटलें. त्याची सायकल इटलीच्या एर्नेस्टो कोल्नागो यानें जुळविली होती. सांगाडा पोलादी नळ्यांचा, चक्र बद्ध, दांते पुढें ५२ व मागें १४, आणि सबंध सायकलीचें वजन सहा किलोग्रॅमच्याही आंत. जपानांत १९४८ सालीं कोकुरा येथें 'केइरिन' नांवाच्या पैजेच्या शर्यती सुरू झाल्या. तेथील पुरुषांच्या शर्यतींत अजूनही पोलादी सांगाड्याची बद्धचक्र सायकलच चालते, आणि तिचा प्रत्येक भाग ठरलेल्या प्रमाणांत बसणारा असावा लागतो. पैज माणसांच्या पायांवर लागावी, कारखान्यावर लागूं नये, हा त्यांतील मर्म आहे. धावपट्टीवरच्या ह्या सायकलींना ब्रेक नसतो. तेथें सगळे एकाच दिशेनें जातात, चौक नसतो, पादचारी नसतो, म्हैस आडवी येत नाहीं. ही गोष्ट नीट लक्षांत ठेवावी, कारण पुढील सर्व घोटाळा ती विसरल्यानें होतो.

आतां सायकल जुळविण्याकडे वळावयाचें. प्रथम सांगाडा. सायकलीचा सांगाडा म्हणजे नळ्यांचे दोन त्रिकोण. चौकोन कोपऱ्यांत दुमडतो, त्रिकोण दुमडत नाहीं. म्हणून थोड्या धातूंत पुष्कळ बळ येतें. जुन्या इंग्रजी मापाच्या सांगाड्यांत वरची आडवी नळी एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर व्यासाची असते. बैठकीची उभी नळी व खालची तिरपी नळी २८.६ मिलिमीटर व्यासाची. नळीचें पोलाद किती जाड, यावर सायकलीचा दर्जा ठरतो. ताण सर्वांत अधिक येतो तो सांध्यांशीं; मधल्या भागांत तो कमी असतो. ही गोष्ट हेरून बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यानें १८९७ सालीं टोकांशीं जाड व मध्यें पातळ अशी नळी ओढण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. उत्तम नळींत ही जाडी टोकांशीं ०.९ व मध्यें अवघी ०.६ मिलिमीटर इतकी असूं शकते. १९३५ सालीं त्याच घराण्याच्या कारखान्यानें मँगॅनीज व मॉलिब्डेनम मिसळलेली '५३१' ह्या नांवाची नळी काढली, आणि पुढें कित्येक वर्षें ती उत्तम सायकलीची खूणच होऊन बसली.

सोनपतच्या ॲटलसनें १९५१ पासून आणि लुधियान्याच्या हीरोनें १९५६ पासून ज्या काळ्या सायकली घरोघरीं पोहोंचविल्या, त्यांच्या नळ्या अशा नाजूक नव्हत्या. त्या जाड, साध्या पोलादाच्या असत. अशा सायकलींवर पुण्यासारख्या शहरांत कारकून, विद्यार्थी, दूधवाले आणि डबलसीट बसलेलीं पोरें यांनीं वर्षानुवर्षें ये-जा केली, आणि पुण्यास सायकलींचें शहर हें नांव मिळालें. वजनानें त्या भारी खऱ्या. पण साध्या मुक्तचक्र सायकलीसाठीं त्यांचा सांगाडा आजही उत्तम आधार होय.

पोलादच कां, असा प्रश्न सहज निघेल. पोलाद ॲल्युमिनियमच्या सुमारें तिप्पट जड आहे, तसेंच तें तिप्पट ताठही आहे. तेव्हां नळ्या सडपातळ ठेवतां येतात. दुसरें असें कीं, ठराविक मर्यादेच्या आंतील हेलकावे पोलाद कितीही वेळां सोसतें. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाहीं. तेथें बारीक हेलकाव्यांचाही हिशेब कोठेंतरी सांचत जातो. तिसरें व व्यवहाराचें कारण म्हणजे पोलाद दुरुस्त होतें. जुन्या सांगाड्यांतील नळ्या वितळवून जोडलेल्या नसतात. त्या खोबणींत बसवून पितळानें किंवा चांदीच्या मिश्रधातूनें झाळलेल्या असतात. पितळी झाळ सुमारें ९०० अंशांवर व चांदीची सुमारें ७०० अंशांवर वितळते. पोलाद वितळावयास याहून कितीतरी अधिक आंच लागते. म्हणून कुशल कारागीर वांकडी नळी काढून नवी बसवूं शकतो, आणि उरलेल्या सांगाड्यास धक्का लागत नाहीं.

जुना सांगाडा हातीं आला कीं रंगाचा विचार करण्यापूर्वीं त्याची परीक्षा करावी. हँडलच्या नळीच्या मागें, वरच्या व तिरप्या नळीच्या खालच्या अंगास बोट फिरवून पाहावें. तेथें रंगास सुरकुती किंवा धातूस फुगवटा लागला, तर ती सायकल पूर्वीं समोरून कशावर तरी आदळलेली आहे असें समजावें. पायडलांचा आंस ज्या आडव्या नळींत फिरतो तिच्या सांध्यांशीं केसासारखी भेग आहे काय, तें भिंग घेऊन पाहावें. बैठकीची दांडी काढून नळींत गंज किती खोल गेला आहे, तें बॅटरीच्या उजेडांत तपासावें. मग एक दोरा घ्यावा. तो मागच्या चाकाच्या एका बाजूच्या खांचेस बांधून पुढें हँडलच्या नळीभोंवतीं वळवावा व दुसऱ्या बाजूच्या खांचेस ताणून बांधावा. दोन्ही अंगांस दोऱ्यापासून बैठकीच्या नळीपर्यंतचें अंतर मोजावें. तें सारखें भरलें तर सांगाडा सरळ. न भरलें तर तो एका अंगास कलला आहे. चार पैशांच्या दोऱ्यानें होणारी ही परीक्षा चुकविणारा मनुष्य पुढें दुप्पट पैसे रंगावर घालतो आणि सायकल एका अंगास कां ओढते म्हणून कपाळास हात लावतो.

सांगाड्यांतील आणखी एक गोष्ट निर्णायक असते. मागचें चाक ज्या खांचेंत बसतें ती खांच आडवी व लांबट असावी. एकगती सायकलींत साखळी ताणावयास दुसरें साधन नसतें. चाक मागें ओढूनच ती ताणावी लागते. गिअरच्या नव्या सायकलींत ही खांच उभी असते, कारण तेथें साखळीचा ढिलेपणा स्प्रिंगेचा हात खाऊन टाकतो. तो हात काढला कीं त्याचें काम खांचेकडे जातें, आणि उभी खांच तें करूं शकत नाहीं. तसेंच मागच्या दोन पायांमधील अंतर पाहावें. धावपट्टीच्या सायकलींत तें १२० मिलिमीटर असतें, गिअरच्या जुन्या शर्यती सायकलींत १२६ किंवा १३०. पोलादी सांगाडा जाणत्या हातानें थोडा दाबून बसवितां येतो. ॲल्युमिनियमशीं हा खेळ करूं नये. दाबल्यानंतर दोऱ्याची परीक्षा पुनः करावी.

सांगाड्यानंतर मागचा तुंबा. मुक्तचक्र करावयाचें असेल तर काम सोपें आहे. तुंब्यावर उजवे आटे असतात, त्यांवर फ्रीव्हील बसतें आणि पायडल मारतांना तें अधिकच आवळत जातें. बद्धचक्राची गोष्ट निराळी. तेथें पायांनीं मागें जोर दिला म्हणजे दांतचक्र उलट फिरून सुटूं पाहतें. म्हणून बद्धचक्राच्या खऱ्या तुंब्यावर दोन टप्पे असतात. मोठ्या टप्प्यावर उजवे आटे, त्यांवर दांतचक्र. बाहेरच्या लहान टप्प्यावर डावे आटे, त्यांवर लॉकरिंग. दांतचक्र सुटूं लागलें कीं तें लॉकरिंगला आपल्याबरोबर फिरवूं पाहतें, आणि आटे डावे असल्यामुळें त्याच फिरण्यानें लॉकरिंग अधिक आवळतें. किती साधी युक्ति! पण साध्या तुंब्यावर लहान टप्पा नसतो. कित्येक हौशी लोक त्यावरच दांतचक्र घट्ट पिळून किंवा चिकट द्रव्य लावून बसवितात. तें महिनाभर टिकतें, वर्षभरही टिकतें, आणि उतारावर पायांनीं वेग रोखण्याच्या ऐन क्षणीं सुटतें. तुंब्यावर दोन टप्पे नसतील तर बद्धचक्राचा नाद सोडून फ्रीव्हील लावावें, हा नियम अपवादरहित मानावा. दोन्ही अंगांस आटे असलेलाही तुंबा मिळतो. एकीकडे बद्धचक्र, दुसरीकडे फ्रीव्हील. शिकाऊ मनुष्यास तो फार सोयीचा.

आतां साखळी. १८८० सालीं मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यानें बसविलेली रोळांची साखळी हीच आजची सायकलची चेन. तिच्या दोन सांध्यांतील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. गिअरच्या सायकलींत ती कधीं तिरकी धावते व सांभाळूनही घेतली जाते. एकगती सायकलींत ती सरळ रेषेंतच धावली पाहिजे. सांगाड्याच्या मध्यापासून पुढच्या चक्राचे दांते जितके दूर, तितकेच मागच्याचे दूर असावे. धावपट्टीच्या सायकलींत हें अंतर बहुधा ४२ मिलिमीटरच्या आसपास असतें. मिलिमीटरभर फरक चालून जातो. त्याहून अधिक झाला तर चेन कुरकुरते, दांते एका अंगानें झिजतात आणि एखादे वेळीं चेन उतरते. मुक्तचक्रावर चेन उतरली तर हात काळे होतात, इतकेंच. बद्धचक्रावर ती उतरून चाकांत अडकली तर चाक जागच्या जागीं थांबतें. आणि ज्यानें पायांवरच ब्रेकची भिस्त ठेवली आहे, त्याचा ब्रेकही त्याच क्षणीं जातो.

चेन किती ताणावी, यालाही माप आहे. पुढचें दांतचक्र सहसा तंतोतंत गोल फिरत नाहीं. म्हणून पायडल हळूहळू फिरवून चेन सर्वांत आवळते ती जागा शोधावी, आणि त्या जागीं चेनच्या मध्यावर बोटानें दाबल्यास सुमारें एक सेंटिमीटर खालीं-वर होईल असा ढिलेपणा ठेवावा. याहून ताणली तर छर्रे व कोन लवकर खराब होतात. चेनचे २४ सांधे नवे असतां बरोबर १२ इंचांत बसतात. तेच एक सोळांश इंचानें वाढले कीं चेन बदलावी. नाहीं तर ती दांत्यांनाही आपल्या मापानें झिजविते.

ह्यानंतर खरा विचाराचा प्रश्न येतो: पुढें किती दांते व मागें किती? अनेक गिअरच्या सायकलीवर हा निर्णय स्वार दर चढावर व दर वळणावर घेतो. एकगती सायकलीवर तो घरीं, कागद-पेन्सिल घेऊन, एकदांच घ्यावयाचा असतो. समजा, पुढें ४४ व मागें १८ दांते आहेत. ४४ ला १८ नें भागल्यास २.४४ येतात, म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यास चाकाचे सुमारें अडीच फेरे. शर्यती मापाच्या चाकाचा परीघ सुमारें २.१ मीटर धरला तर एका फेऱ्यास ५.१ मीटर अंतर कापलें जातें. मिनिटास ८० फेरे सहज मारतां येतात. त्या हिशेबानें ताशीं साडेचोवीस किलोमीटर वेग पडतो. पुढें ४८ व मागें १६ दांते ठेवले तर एका फेऱ्यास ६.३ मीटर व ताशीं तीस किलोमीटर.

कागदावर दुसरी जोडी अधिक मोहक दिसते. पण चढावर काय होतें तें पाहावें. पायडल ज्या वर्तुळांत फिरतें त्याचा परीघ, क्रँक १७० मिलिमीटरची असल्यास, १.०७ मीटर भरतो. म्हणजे पहिल्या जोडींत पायाच्या मानानें सायकल ४.८ पट अंतर जाते, आणि त्याच पटीनें पायावरचा भार वाढतो. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम वजन असेल, तर शंभरास पांच अशा चढावर सायकलीस मागें खेंचणारा भार चार किलोग्रॅमचा. पायडलावर तो सरासरीनें १९ किलोग्रॅम होतो. दुसऱ्या जोडींत तोच २३ च्या पुढें जातो. पाय वर्तुळांत सर्वत्र सारखा जोर देऊं शकत नाहीं. म्हणून प्रत्यक्ष क्षणीं हा आंकडा जवळजवळ दुप्पट होतो. गुडघे बोलूं लागतात ते येथें. सपाट गांवांत दुसरी जोडी खपेल. ज्यास रोज टेकडी चढावयाची आहे त्यानें पहिलीच, किंवा तिच्याहूनही हलकी, पत्करावी. गिअरचें यंत्र काढून टाकलें, तेव्हां त्याचें काम गुडघ्यांकडे गेलें, हें विसरूं नये.

दांत्यांच्या संख्येंत आणखी एक सूक्ष्म गंमत आहे आणि तींत शाळेंतला अपूर्णांक उपयोगीं पडतो. बद्धचक्रावर पाय अडवून मागचें चाक घसरविलें, तर टायर नेमका कोठें झिजेल? पाय बहुधा एकाच अवस्थेंत अडविले जातात. म्हणून त्या वेळीं चाकाची कोणती बाजू खालीं असते, हें दांत्यांच्या प्रमाणावर अवलंबून राहतें. ४८ व १६ यांचें संक्षिप्त रूप ३ व १. छेद एक, म्हणून टायर दर वेळीं एकाच जागीं घासतो व तेथें लवकर भोक पडतें. ४४ व १८ यांचें रूप २२ व ९. झीज नऊ जागीं वांटली जाते. मागें १७ दांते घेतले, आणि पुढची संख्या सतरानें भागली जात नसली, तर झीज सतरा जागीं वांटली जाईल. सतरा ही मूळ संख्या आहे, एवढ्याच पुण्याईनें टायर अधिक काळ टिकतो.

परंतु टायर घासून थांबणें हा थांबण्याचा मार्गच नव्हे, आणि येथें ह्या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. वेग रोखला कीं शरीराचा भार पुढें झुकतो. पुढचें चाक जमिनीवर अधिक दाबलें जातें, मागचें हलकें होतें. आणि हलकें झालेलें चाक पकड सोडून घसरूं लागतें. म्हणून मागच्या चाकानें, मग तें ब्रेकनें अडवा कीं पायांनीं, सायकल लवकर थांबत नाहीं. कोरड्या रस्त्यावर मागचें चाक गुरुत्वाच्या पावपट मंदन देतें असें धरलें, आणि पुढचा ब्रेक अर्धपट, तर ताशीं २५ किलोमीटर वेगानें जाणारी सायकल मागच्या चाकानें सुमारें दहा मीटरांत व पुढच्या ब्रेकनें सुमारें पांच मीटरांत थांबेल. शिवाय डोळ्यांनीं पाहून हालचाल करावयास लागणाऱ्या एका सेकंदांत सायकल सात मीटर गेलेली असते. दुपारीं शाळा सुटलेली आहे, मूल चेंडूमागें धांवत रस्त्यांत आलें आहे. अशा वेळीं ह्या पांच मीटरांत काय मावतें, हें कोणत्याही आईबापांस सांगावें लागत नाहीं.

धावपट्टीवरील सायकलीस ब्रेक नसतो, म्हणून रस्त्यावरील सायकलीसही तो नसला तर ती अधिक देखणी व अस्सल, अशी एक समजूत ह्या हौशी मंडळींत पसरलेली आहे. तिचें मोल काय पडतें, तें लंडन शहरानें पाहिलें. २०१६ सालीं तेथें पुढचा ब्रेक नसलेल्या बद्धचक्र सायकलीची एका रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीशीं टक्कर झाली व ती स्त्री मरण पावली. सायकलस्वार सदोष मनुष्यवधाच्या आरोपांतून सुटला. परंतु १८६१ सालच्या एका जुन्या कायद्याखालीं तो दोषी ठरला आणि २०१७ सालीं त्यास अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांनीं बद्धचक्राच्या सायकलीसही पुढचा ब्रेक सक्तीचा केलेलाच होता. गिअर काढला तर त्याचें काम स्वाराच्या गुडघ्यांवर पडतें. तें त्यानें खुशाल पत्करावें. पुढचा ब्रेक काढला तर त्याचें काम वाटेनें जाणाऱ्या परक्या माणसावर पडतें, आणि त्यास तर कोणी विचारलेलें नसतें.

ब्रेकखेरीज बद्धचक्राचे आणखी तीन धोके घरांतील सर्वांस ठाऊक असावे. वळणावर सायकल कलली असतां आंतलें पायडल वर धरून ठेवतां येत नाहीं; तें खालीं येतेंच, आणि जमिनीस टेकलें तर चाक उचललें जातें. धावपट्टीच्या सांगाड्यांत पायडलांचा आंस यासाठींच उंच असतो व क्रँकही बहुधा १६५ मिलिमीटरची, थोडी आखूड, असते. जुन्या सांगाड्यावर बद्धचक्र बसवितांना सायकल कलती करून हें अंतर पाहावें. दुसरें, धोतर, साडी, ओढणी किंवा पाटलोणीचा पाय चेनींत सांपडला, तर मुक्तचक्रावर पाय थांबवितां येतात. बद्धचक्रावर चाक तो कपडा ओढीतच राहतें. म्हणून चेनवरचें झांकण काढण्याची घाई करूं नये. तिसरा धोका घरांतच, सायकल उभी असतां होतो. चाक फिरतें ठेवून फडक्यानें चेन पुसतांना फडका दांत्यांत ओढला गेला तर त्यामागून बोटें जातात, आणि बद्धचक्र मध्येंच थांबत नाहीं. चेन पुसावयाची ती चाक स्थिर ठेवून, थोडी थोडी पुढें सरकवून. लहान मुलांना त्या वेळीं जवळ येऊं देऊं नये.

एवढें सर्व झाल्यावर शृंगाराकडे वळण्यास हरकत नाहीं. त्यांतही पहिला मान स्वाराच्या देहाचा. बैठकीवर बसून टांच पायडलावर टेकविली असतां खालच्या टोकाशीं पाय अगदीं सरळ व्हावा. मग पंजानें पायडल मारतांना गुडघ्यांत हवा तितकाच बांक राहतो. हँडल सरळ असो कीं बांकदार, त्याचीं उघडीं टोकें बुचांनीं बंद केलींच पाहिजेत. पडतांना उघडी नळी अंगांत घुसते. चाकांच्या तारा सारख्या ताणून आऊट काढून घ्यावा. रंग देण्यापूर्वीं जुना रंग व गंज पुरता काढावा. भट्टींत भाजून बसविण्याच्या रंगास सुमारें २०० अंश आंच लागते, तिनें पितळी सांध्यांस बाध येत नाहीं. सांगाड्यावरील जुनी नाममुद्रा व कोरलेला क्रमांक मात्र घासून टाकूं नये. सायकलीची ओळख त्यांतच असते. मडगार्ड काढल्यानें सायकल सुरेख दिसते खरी, पण पावसाळ्यांत पाठीवर चिखलाची रेघ उमटते, हेंही एक स्थलांतरित झालेलें कामच होय.

अशा रीतीनें जुळविलेली सायकल स्वस्त असेलच असें नाहीं, आणि सर्वांच्या सोयीचीही असणार नाहीं. ज्याचा रस्ता बहुतेक सपाट आहे, ज्याचें रोजचें अंतर बेताचें आहे आणि ज्याला आपल्या हातचें यंत्र समजून घ्यावयाची आवड आहे, त्याला ती अनेक वर्षें साथ देईल. इतरांनीं मुक्तचक्र, दोन चांगले ब्रेक व हलकी दांत्यांची जोडी घ्यावी. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. भंगारवाल्यास सायकल देण्यापूर्वीं एक दोरा तेवढा तिच्या सांगाड्याभोंवतीं ताणून पाहावा. दोन्ही बाजूंचें अंतर सारखें भरलें, तर जिन्याखालची ती वस्तु वजनावर विकण्याच्या लायकीची नाहीं, एवढें तरी त्या घरास कळेल.